मंजुरी कुणाची?

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या खोक्यांच्या कारखान्याच्या मालकीण, आदरणीय बाई; प्रमुख पाहुणे, आपल्या बँकेचे शाखाधिकारी साहेब; ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आपले रोखपाल काका; पहिल्या रांगेत बसलेल्या काकू; कापणी, छपाई आणि चिकटवणी विभागातल्या माझ्या मावश्या, ताया आणि दादा; आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे कागदाच्या रोलांना टेकून उभे असलेले हमालदादा, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

भाषणाची सुरुवात प्रश्नानं करू नये, निदान ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही अशा प्रश्नानं तर नाहीच, असं आम्हाला कॉलेजात सांगायचे. पण माझ्याकडे दुसरी सुरुवात नाही. एखाद्या माणसानं काही न विचारता आपल्यावर पूर्ण विश्वास टाकला, तर त्याचे आभार मानायचे की त्याची माफी मागायची? चार महिने मी हा प्रश्न घेऊन फिरते आहे. मला उत्तर सापडलेलं नाही. इथं माझ्यापेक्षा शहाणी माणसं बसली आहेत, कुणाला सापडलं तर चहाच्या वेळी जरूर सांगा. तोवर मी आभारांनी सुरुवात करते, कारण तेवढं मला नक्की जमतं.

काकांचे पहिले आभार मला माझ्यासाठी मानायचे नाहीत, माझ्या आईसाठी मानायचे आहेत. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आता मान खाली घालेल. घातलीच बघा. माझी आई इथं चिकटवणीत अठरा वर्षं खळ लावते. मी चौथीत असताना ती एकदा घरी आली ती चप्पल न काढताच आत. म्हणाली, "आज माझ्या शब्दावर चेक थांबला." आम्हाला काही कळेना. वडील म्हणाले, "कसला चेक? तुझा आणि चेकचा काय संबंध?"

संबंध होता. तुमच्यापैकी जुन्या मंडळींना गुरुवारची वाचणी ठाऊक आहे. नव्या मंडळींसाठी आणि पाहुण्यांसाठी सांगते. काकांनी नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी सुरू केलेला हा प्रकार. दर गुरुवारी चार वाजता यंत्रं बंद व्हायची, चहा यायचा आणि काका पुठ्ठ्याच्या एका खोक्यावर उभे राहून त्या आठवड्यात द्यायच्या प्रत्येक पैशाचं नाव, कारण आणि रक्कम मोठ्यानं वाचायचे. शाईवाल्याला इतके, कशाबद्दल. गाडीवाल्याला इतके, किती फेऱ्यांचे. आणि नियम एकच. ऐकणाऱ्यांपैकी कुणीही, अगदी कुणीही, "थांबा" म्हणालं की तो चेक त्या दिवशी निघायचा नाही. काकांनी कारण विचारायचं, दुसऱ्या दिवशी खात्री करायची, मगच सही. बाईंच्या स्वतःच्या मेहुण्यांच्या बिलाला एकदा झाडूवाल्या मावशींनी थांबा म्हटलं होतं. बाई, तुम्ही हसताय, पण चेक थांबला होता.

त्या दिवशी खळवाल्याचं बिल वाचलं गेलं आणि माझी आई उभी राहिली. म्हणाली, "थांबा. बारा पिंपं वाचलीत, आली नऊ. त्यातली दोन पाण्यासारखी." जिला स्वतःचं नाव लिहायला ओळ पुरत नाही, तिच्या शब्दावर एक चेक अडकला आणि दुसऱ्या दिवशी खळवाला येऊन हात जोडून गेला. त्या रात्री जेवताना आई मला म्हणाली, "तू शीक. तू त्या खोक्यावर उभी राहा." मी शिकले. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला. वडिलांनी तो भिंतीवर लावताना तीन खिळे वाकवले. आणि काकांनी बाईंकडे शब्द टाकून मला इथं हिशेबात घेतलं.

आता मी आल्यावर काय केलं ते ऐका.

दीड वर्षापूर्वी आपण बँकेचे व्यवहार इंटरनेटवरून करायला लागलो. ते काम माझ्याकडे आलं. ते करायलाच हवं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं. लांबच्या व्यापाऱ्याला चेक टपालानं पोचायला आठवडा लागायचा, आता तासात पैसे पोचतात. आणि पगार. चिकटवणीतल्या सगळ्या मावश्यांची स्वतःच्या नावाची खाती उघडली. पहिल्या पगाराच्या दिवशी फोनवर संदेश आला, तेव्हा एक मावशी मला विचारत होत्या, "हे पैसे आले म्हणतेस, पण आता ह्यांना कळणार नाही ना किती आले?" मी म्हटलं, नाही कळणार. त्यांनी मला मिठीच मारली. ती माझी ह्या नोकरीतली सगळ्यात मोठी कमाई.

पण काका आणि संगणक! ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसताच येणार नाही. पहिल्या दिवशी पडद्यावर अटी आल्या, खाली चौकोन, "मला मान्य आहे". आपण सगळे काय करतो? टिचकी मारतो आणि पुढं जातो. काकांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सोळाव्या पानावर पडदा आपोआप बंद झाला. पुन्हा उघडला. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा बंद झाल्यावर मी म्हटलं, "काका, कुणी वाचत नाही हो ते." तर म्हणाले, "न वाचता मान्य कसं करू? उद्या त्यानं विचारलं, काय मान्य केलंत, तर काय सांगू? पान सोळापर्यंत मान्य आहे?" शेवटी मी छापून दिलं. त्यांनी दोन दिवसांत वाचून काढलं आणि तीन ठिकाणी पेन्सिलीनं "हे पटत नाही" असं लिहून साहेबांकडे पाठवलं. साहेब, तुम्ही ती पानं जपून ठेवली आहेत असं मी ऐकलं. खरं आहे? आहे म्हणतात.

हसा, हसायलाच सांगते आहे. कारण ह्यापुढं जे आहे त्यात हसण्यासारखं फार नाही.

इंटरनेटच्या व्यवहाराचा एक साधा नियम असतो. एकानं नोंदवायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं. नोंदवणारी मी. मंजूर करणारे काका. साहेबांनी प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की दोन वेगळी माणसं, दोन वेगळे फोन, एकाचा पासवर्ड दुसऱ्याला नाही. तो नियम मीच सुबक अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला. अजून आहे.

मंजुरीसाठी काकांच्या फोनवर कोड यायचा. तो ठरावीक वेळात भरावा लागतो. काका एकेक आकडा बघणार, बोटानं हळू दाबणार, पुन्हा ताडून बघणार, तोवर वेळ संपायची. पुन्हा कोड. पुन्हा वेळ संपली. तिकडं कागदवाल्यांचा फोन, पैसे कुठं अडले? एक दिवस दुपारी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "काका, तुमचा ऑफिसचा फोन आणि पासवर्ड माझ्याकडे द्या. मी दोन्ही करते." त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तू करशील म्हणजे नीटच करशील." आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो माझ्या खणात ठेवला. त्या दिवसापासून नोंदवणारीही मीच आणि मंजूर करणारीही मीच. कागदोपत्री मात्र दोन माणसं.

आणि वाचणी? ती मी बंद करवली. बाईंना मी टिपण लिहून दिलं होतं की पैसे आता रोज जातात, गुरुवारची वाट बघण्यात अर्थ नाही, सगळ्यांसमोर रकमा वाचणं आजच्या काळाला शोभत नाही. मला ते टिपण फार आवडलं होतं. आठवड्यातला एक तास वाचला, असा आकडाही मी त्यात घातला होता.  काका ज्यावर उभे राहायचे तो खोका त्यांनी उचलून कपाटामागे ठेवला, एवढंच.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना अर्धी माहीत आहे. कागदवाल्यांच्या नावानं ईमेल आला. आमचं बँक खातं बदललं आहे, ह्या वेळचे पैसे नव्या खात्यात भरा. ईमेलचा पत्ता त्यांचाच होता, कारण त्यांची ईमेलची पेटीच कुणीतरी फोडली होती. नवं खातं मी नोंदवलं. काका त्या दिवशी डोळे तपासायला गेले होते. दुसरा फोन माझ्या खणात होता. मी खण उघडला, कोड बघितला, मंजूर केलं, खण लावला. दीड मिनिट लागलं असेल.

त्याच्या आदल्याच दिवशी कागदवाल्यांची गाडी येऊन गेली होती. त्यांच्या माणसानं दिलेल्या बिलावर जुनंच खातं छापलेलं होतं. माल उतरवून घेणाऱ्या दादांनी ते बिल हातात धरलं होतं. ते मला नंतर म्हणाले, "ताई, वाचणी असती तर मी लगेच बोललो असतो. पण आम्हाला कोण विचारतं आता?" दादा, तुम्ही हे सहज बोलून गेलात. मी ते विसरलेले नाही.

चार दिवसांनी खऱ्या कागदवाल्यांचा फोन आला की पैसे कधी देताय? मी पडदा बघून सांगितलं, गेले. ते म्हणाले, आले नाहीत. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की काकांनी माझ्या हातातून फोन काढून घेऊन सरळ साहेबांना लावला. इथं मला साहेबांचे आभार मानायचे आहेत. साहेब, तुम्ही त्या दिवशी जेवण अर्धं टाकून उठलात. तुमच्यामुळे त्या रकमेतला बराचसा भाग समोरच्या खात्यात अडवता आला. उरलेला गेला तो गेलाच.

मग बाईंच्या खोलीत चौकशी झाली. बाई होत्या, साहेब होते, काका होते, मी होते. बाईंनी विचारलं, "नोंद हिची दिसते. मंजुरी कुणाची?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी काका म्हणाले, "माझी."

बाई म्हणाल्या, "तुम्ही बघितलं नाहीत का खातं बदललंय ते?"

"नजरचूक झाली. डोळ्यांचं चाललंच आहे सध्या."

मी म्हटलं, "काका..." तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, जरा बाहेर जाऊन चार चहा सांग."

आणि मी गेले. मी बाहेर गेले आणि चार चहा सांगितले. मी परत आले तेव्हा कागदावर लिहून झालं होतं आणि काकांनी खाली सही केली होती. नंतर जिन्यात मी रडायला लागले, तर मला म्हणाले, "मंजुरीच्या जागी नाव माझं आहे ना? मग चूक माझी. फोन मी दिला, तू हिसकावून नाही घेतलास. आणि तुझी आता कुठं सुरुवात आहे. माझं आवरत आलंय. डोळे पूस, लोक बघतील."

त्यांचं आवरत आलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांना दोन वर्षं आणखी ठेवायचं बाईंनी ठरवलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. चौकशीनंतर ते रद्द झालं. आणि कारखान्यात एक वाक्य फिरायला लागलं, "म्हाताऱ्याला कॉम्प्युटर झेपला नाही." कापणीत त्यावर विनोद झाले. काका त्या विनोदांना हसायचे. आज माझ्याआधी बोललेल्या दोघांनी अगदी प्रेमानं, अगदी आदरानं तेच सांगितलं, की नव्या यंत्रणेशी जुळवून घेणं त्यांना जड गेलं. मी तिथं बसून ऐकत होते. टाळ्याही वाजवल्या.

मंडळी, यंत्रणा काकांना जड गेली नव्हती. ती मला जड गेली. काका सगळी पानं वाचल्याशिवाय मान्य म्हणत नव्हते, मी दीड मिनिटात मान्य म्हटलं. ह्या सगळ्या नव्या व्यवहारात दोन माणसं कशाला लागतात, हे ज्याला तीस वर्षांपासून कळत होतं तो माणूस...

काय म्हणालात काका?

"थांबा" म्हणतायत. ऐकलंत सगळ्यांनी? काका व्यासपीठावरून थांबा म्हणतायत. काका, तुमचा मान राखून सांगते, तो नियम पैशाला होता, भाषणाला नाही. आणि असलाच, तरी तुम्हीच शिकवलंत की थांबा म्हणणाऱ्याला कारण विचारायचं. सांगा कारण. नाही ना सांगता येत? मग मी बोलते. काकू, तुम्ही जरा त्यांचा हात धरून बसायला या इकडं. या, या.

काकू, तुम्हाला हे माहीत नव्हतं हे मला तुमच्या चेहऱ्यावरून दिसतं आहे. घरीही सांगितलं नाही त्यांनी. मला वाटलंच होतं.

आता शेवटाकडं येते. परवा सकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती डबा भरत होती. मला वाटलं, ओरडेल. ती झाकण लावायची थांबली आणि एवढंच म्हणाली, "चार महिने जेवलीस कशी?" मी म्हटलं, आई, नोकरी जाईल. तर म्हणाली, "जाऊ दे. मी अजून हातीपायी धड आहे. बाईंना कधी सांगतेस?" आईचे आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही. आज मोडते. आई, तुझे आभार. मान वर कर आता.

काकांचे आभार तर किती मानू? पहिली नोकरी दिल्याबद्दल. माझ्या सुबक अक्षरातल्या टिपणाला एका शब्दानं न दुखावल्याबद्दल. चोरी झाल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी कपाटामागचा खोका काढून पुसून पुन्हा मांडल्याबद्दल. आज आपण पैसे इंटरनेटवरूनच पाठवतो, पण बटण दाबायच्या आधी यादी वाचली जाते, आणि मंजुरीचा फोन पुन्हा काकांच्या खिशात आहे. मागच्या गुरुवारी एका बिलाला हमालदादांनी थांबा म्हटलं. ते बिल चुकीचं होतं. ते सापडलं ते यंत्रणेमुळे की माणसांमुळे, ह्यावर मला वाद घालायचा नाही. दोन्ही लागतात. मला ते उशिरा कळलं, महागात कळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली.

साहेबांचे, सगळ्या विभागांचे, हा हॉल सजवणाऱ्या छपाईच्या मुलींचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा प्रत्येकाचे आभार. मी वयानं लहान आहे. बोलताना कुणाच्या मानाला धक्का लागला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल किंवा आनंदाच्या प्रसंगी नको ते बोलून मी कुणाचा आनंद उणा केला असेल, तर ते मनात न ठेवता मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन.

आणि शेवटचे आभार बाईंचे. बाई, आज सकाळी साडेनऊला मी तुमच्या खोलीत आले होते. मी दिलेलं पत्र तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत. मग बसून पुन्हा वाचलंत. म्हणालात, "हे मला चार महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं." मी म्हटलं, हो. तुम्ही विचारलंत, "संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलशील?" मी म्हटलं, हो. तुम्ही माझं नाव भाषणांच्या यादीतून काढलं नाहीत, म्हणून मी इथं उभी आहे.

त्या पत्रात लिहिलं आहे की मंजुरी माझी होती. काकांच्या जागेवर रोखपाल म्हणून माझी जी नेमणूक झाली होती ती मी घेत नाही, असंही लिहिलं आहे. माझं काय करायचं ते बाई ठरवतील. पत्राची एक प्रत मी चौकशीच्या फाइलमध्ये, काकांच्या सहीच्या कागदावर टाचली आहे. दुसरी, तुम्ही सगळे ह्या हॉलमध्ये येऊन बसल्यावर, दारातल्या सूचना फलकावर लावून आले आहे.